पुन्हा सापडलेले फोटो आणि हरवलेल्या नोंदी

आजचा विषय फोटोंचा आहे, त्यामुळे सुरुवात घरापासूनच करू. दिवाळीची साफसफाई चालू असते, माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली येतो. आत कुंकवाच्या करंड्या, जुनी पोस्टकार्डं आणि तळाशी दहा-बारा फोटो. पिवळे पडलेले, कोपरे दुमडलेले. कुणीतरी विचारतं, "ही कोण गं?" आणि उत्तर येतं, "काय माहीत! आत्याबाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं." मग तो फोटो परत डब्यात जातो.

हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. आज आम्ही जे बोलणार आहोत ते याच प्रसंगाचं मोठं रूप आहे. जगात अनेक ठिकाणी असे डबे सापडले. काही बर्फात सापडले, काही तळघरांत, काही बँकेचं दिवाळं निघालेल्या माणसाच्या घरात. त्यांतून माणसं, प्राणी, डोंगर, हिमनद्या पुन्हा आपल्यासमोर आल्या. आम्ही त्यांतली चार उदाहरणं निवडली आहेत. प्रत्येक उदाहरणाला आपण एकच प्रश्न विचारणार आहोत: फोटो सापडला म्हणजे इतिहास सापडला का? की इतिहास सापडायला आणखी काहीतरी लागतं?

बर्फातली तेहतीस वर्षं

पहिली गोष्ट उत्तर ध्रुवाकडची. ११ जुलै १८९७ रोजी स्वालबार्ड बेटांवरून तीन स्वीडिश माणसांनी हायड्रोजनच्या फुग्यातून उड्डाण केलं. सालोमोन ऑगस्ट आंद्रे हा प्रमुख, सोबत निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नुट फ्रेंकेल. फुग्याचं नाव 'गरुड'. बेत असा, की वाऱ्याच्या बळावर ध्रुव ओलांडून पलीकडे उतरायचं. फुगा क्षितिजाआड गेला आणि त्यानंतर या तिघांना कुणीही जिवंत पाहिलं नाही.

पुढे तेहतीस वर्षं अफवा, तर्क, शोधमोहिमा चालू राहिल्या. मग १९३० च्या ऑगस्टमध्ये 'ब्रातवाग' नावाचं नॉर्वेचं एक जहाज क्वितोया, म्हणजे पांढरं बेट, इथे पोहोचलं. त्या वर्षी तिथला बर्फ नेहमीपेक्षा जास्त वितळला होता. जहाजावरच्या माणसांना बर्फातून डोकावणारी होडी दिसली, मग सामान, मग अवशेष. थोड्याच दिवसांत दुसरं जहाज गेलं आणि आणखी वस्तू मिळाल्या. त्यांत रोजनिशा होत्या, हवामानाच्या नोंदी होत्या आणि फोटोची न धुतलेली फिल्म होती.

आता कल्पना करा. फिल्म ओली झालेली, गोठलेली, पुन्हा ओली झालेली. तीही एकदोन नाही, तब्बल तेहतीस वर्षं. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात छायाचित्रण शिकवणाऱ्या योन हर्ट्झबर्ग यांच्याकडे ती सोपवली. फिल्मवर सुमारे २४० फोटो टिपलेले होते. त्यांतले ९३ त्यांनी वाचवले. डाग, ओरखडे, बुरशीसारखे ठिपके सगळं आहे त्यांत. पण प्रतिमा आहे.

त्यांतला एक फोटो जगभर गाजला. बर्फाच्या पठारावर फुगा आडवा पडलाय आणि दोन माणसं त्याच्याकडे पाहत उभी आहेत. तिसरा माणूस, स्ट्रिंडबर्ग, कॅमेऱ्यामागे. दुसऱ्या एका फोटोत मारलेल्या ध्रुवीय अस्वलाशेजारी बंदूक घेतलेला माणूस उभा आहे. हा फोटो आज नुसता पाहिला तर आपण म्हणू, शिकारीचा शौक. पण रोजनिशी वाचली की कळतं, ही माणसं पुढचे अडीच महिने बर्फावरून चालत होती आणि जगायला अस्वलाचं मांसच खात होती. म्हणजे एकाच फोटोचा अर्थ रोजनिशीशिवाय एक आणि रोजनिशीसकट दुसरा.

फुग्याच्या फोटोचंही तसंच. तो १४ जुलैचा, म्हणजे उड्डाणानंतर जेमतेम तीन दिवसांनी फुगा उतरला तेव्हाचा, हे आपल्याला कशावरून माहीत? फोटोत तारीख नाही. बर्फाला तारीख नसते. ते कळलं आंद्रेच्या वहीवरून. वही आणि फिल्म एकाच ठिकाणी, एकाच बर्फात टिकली, म्हणून ही गोष्ट आपल्याला सलग सांगता येते. तिघांचा मृत्यू नेमका कशामुळे झाला याबद्दल आजही वाद आहेत. कारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला, बेटावर पोहोचल्यानंतर थोड्याच दिवसांत, वही थांबते.

याच्या उलट उदाहरण दक्षिण ध्रुवाकडचं. २०१३ साली केप इव्हान्स इथल्या कॅप्टन स्कॉटच्या जुन्या झोपडीची डागडुजी चालू असताना तिथल्या डार्करूममध्ये एकमेकांना चिकटलेल्या निगेटिव्हांचा एक गठ्ठा मिळाला. सोडवल्यावर २२ निगेटिव्ह निघाल्या. त्या शॅकल्टनच्या १९१४ ते १९१७ च्या मोहिमेतल्या 'रॉस सी' तुकडीच्या. एका फोटोत जहाजाच्या डेकवर उभा माणूस ओळखता आला, तो तुकडीचा शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्टीव्हन्स. पण हे फोटो कोणी काढले हे खात्रीने ठरलेलं नाही. तिथेही गारठा तोच होता आणि फिल्म टिकलीही, पण तिच्यासोबत वही नव्हती.

आल्बेर कान यांचा बाग आणि बहात्तर हजार काचा

आता दुसरी गोष्ट. ही सगळ्यात मोठी आहे आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो.

आल्बेर कान. हे फ्रेंच आडनाव आहे, आपल्या कानाशी त्याचा काही संबंध नाही. १८६० साली आल्सास भागातल्या एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील गुरांचे व्यापारी. सोळाव्या वर्षी पोरगा पॅरिसला आला, बँकेत लागला आणि नोकरी करता करता शिकत राहिला. त्याला शिकवायला येणारा तरुण शिक्षक कोण होता? आंरी बर्गसाँ, पुढे जगप्रसिद्ध झालेला तत्त्वज्ञ. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या आणि हिऱ्यांच्या खाणींच्या व्यवहारात कान यांनी प्रचंड पैसा कमावला आणि १८९८ मध्ये स्वतःची बँक काढली.

पैशाचं करायचं काय, यावर त्यांचं उत्तर वेगळं होतं. तरुण शिक्षकांना जग पाहण्यासाठी प्रवासवृत्त्या द्यायच्या. पॅरिसजवळ बूलोन्य इथे असा बाग करायचा की ज्यात जपानी, इंग्रजी आणि फ्रेंच बाग शेजारीशेजारी नांदतील. आणि माणसं एकमेकांना ओळखू लागली तर युद्धं टळतील, या विश्वासाने जगाचे फोटो गोळा करायचे. १९०८ च्या अखेरीस ते स्वतः जगप्रवासाला निघाले तेव्हा त्यांनी आपल्या ड्रायव्हरला, आल्फ्रेड द्युतेर्त्रला, कॅमेरा चालवायला शिकवून सोबत नेलं. अमेरिका, जपान, चीन करून मंडळी परतली आणि मोठी योजना सुरू झाली: 'पृथ्वीचं दफ्तर'. १९१२ पासून ज्याँ ब्रून हे भूगोलतज्ज्ञ तिचे संचालक झाले.

१९३१ पर्यंत, म्हणजे वीस-बावीस वर्षांत, सुमारे पन्नास देशांत कान यांची माणसं फिरली. जमलं काय? सुमारे ७२,००० रंगीत काचेच्या प्लेटा आणि सुमारे १,८३,००० मीटर चलत्‌चित्रफीत. होय, रंगीत. १९१० च्या दशकात.

हे रंग कसे आले ते दोन मिनिटं समजून घेऊ, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. ल्युमिएर बंधूंचं नाव आपल्याला ठाऊक आहे. १८९६ च्या जुलैत त्यांचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला. त्याच बंधूंनी १९०७ मध्ये 'ऑटोक्रोम' नावाच्या रंगीत प्लेटा बाजारात आणल्या. काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण पसरायचे. काही नारिंगी-लाल रंगवलेले, काही हिरवे, काही निळे-जांभळे. मधल्या फटी काजळीने बुजवायच्या आणि त्यावर नेहमीचा फोटोचा लेप द्यायचा. प्रकाश या रंगीत कणांतून गाळून लेपापर्यंत पोहोचतो. धुतलेली काच पुन्हा उजेडासमोर धरली की त्याच कणांतून रंग उमटतात. कागदावर कणीक चाळून रांगोळी काढावी तसा प्रकार, फक्त कण डोळ्याला न दिसणारे.

यात दोन अडचणी. एक म्हणजे निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात जी काच गेली तीच शेवटची आणि एकमेव प्रत. फुटली की संपलं. दुसरी अडचण वेळेची. रंगीत कण बराच उजेड अडवतात, त्यामुळे भर उन्हातही एखादा सेकंद किंवा जास्त वेळ लेन्स उघडी ठेवावी लागते. तेवढा वेळ माणसाने हलायचं नाही.

आता या फोटोंकडे पाहा. माणसं गंभीर आहेत, ताठ उभी आहेत, कुणी हसत नाही. आपण पटकन म्हणतो, पूर्वीची माणसं काय धीरगंभीर होती! अहो, ती हलू नका म्हणून सांगितलेली माणसं आहेत. बाजारपेठेचा रस्ता ओसाड दिसतो. तो ओसाड नव्हता, चालती माणसं काचेवर टिपलीच गेली नाहीत. कुठे कुत्रं शेपूट हलवून गेलं तर धुरकट पट्टा राहिला. प्राणी उभा असला तर दिसतो, चालला की पुसला जातो. शिवाय रंगीत प्लेट वापरायची तर रंगीत कपड्यांची माणसं शोधणं आलंच. त्यामुळे सणाचे, ठेवणीतले कपडे जास्त दिसतात आणि मळलेली रोजची बंडी कमी दिसते. फोटो खोटं बोलत नाही असं आपण म्हणतो. ठीक आहे. पण त्याला काय बोलता येतं आणि काय बोलता येत नाही, हे आधी तपासायला हवं.

दुसरीही एक तपासणी हवी. कॅमेरा कोणाच्या सोबतीने आला? फ्रेंच इंडोचायनात, ज्यात आजचं व्हिएतनामही येत होतं, कान यांच्यासाठी फोटो काढणारा लेओं ब्यूझी हा फ्रेंच वसाहती सैन्यातल्या रसद विभागाचा अधिकारी होता. समोर उभ्या राहिलेल्या शेतकरी बाईला 'नको' म्हणायची मुभा कितपत होती? कान यांचा हेतू शांततेचा होता हे खरं. पण त्यांच्या माणसांना बरीच दारं साम्राज्याने उघडून दिली होती हेही खरंच. या दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवूनच हा संग्रह पाहावा लागतो.

आणि मुंबई? स्तेफान पासे हा कान यांचा सगळ्यात भटका छायाचित्रकार. चीन, मंगोलिया करून १९१३ च्या डिसेंबरात तो मुंबईत होता. त्याच वर्षी मे महिन्यात फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला होता. एकीकडे आपला माणूस आपल्या कथा पडद्यावर आणत होता, त्याच सुमारास एक परका माणूस आपल्या रस्त्यांचे रंग काचेवर घेत होता. पासेच्या प्लेटांसोबत ठिकाण आणि तारीख येते, हे कान यांच्या पद्धतीचं मोठं देणं. पण माणसाचं नाव सहसा येत नाही. 'स्त्री', 'साधू', 'व्यापारी' एवढंच. १९२१ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर कान यांच्याकडे गेले तेव्हा त्यांचाही ऑटोक्रोम घेतला गेला. त्याखाली अर्थातच नाव आहे. ज्याला जग आधीच ओळखत होतं त्याचं नाव लिहिलं गेलं. ज्याला ओळख मिळावी म्हणून हा सगळा खटाटोप, ते बहुतेक निनावीच राहिले.

पुढे काय झालं? १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. कान यांची बँक त्यात बुडाली. १९३१ मध्ये फोटोंचं काम थांबलं, मालमत्तेवर जप्ती आली. १९३६ मध्ये तिथल्या सेन प्रांताच्या प्रशासनाने बाग आणि संग्रह विकत घेतला, म्हणून तो विखुरला नाही. कान यांना त्या घरात राहू दिलं गेलं. ज्या माणसाने युद्ध टाळण्यासाठी जग टिपलं, तो १९४० च्या नोव्हेंबरात वारला. पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात जाऊन पाच महिने झाले होते.

काचा खोक्यांत राहिल्या. कान यांच्या हयातीतही त्या मुख्यतः त्यांच्या पाहुण्यांना, अभ्यासकांना दाखवल्या जात होत्या. सामान्य माणसाला या संग्रहाची खरी ओळख व्हायला विसाव्या शतकाची शेवटची दशकं उजाडावी लागली. आज बूलोन्य-बियांकूरला त्याचं संग्रहालय आहे, २०२२ मध्ये केंगो कुमा या जपानी वास्तुरचनाकाराने आखलेल्या नव्या इमारतीसह ते पुन्हा उघडलं. हजारो प्लेटा आता इंटरनेटवर घरबसल्या पाहता येतात. तुम्ही जरूर पाहा, पण मघाच्या दोन तपासण्या सोबत ठेवून पाहा.

पंच्याऐंशी सेकंदांचा पक्षी

माणसांनंतर प्राणी. तिसरी गोष्ट मेक्सिकोची, आणि ती फोटोची नाही, छोट्या फिल्मची आहे.

जगातला सगळ्यात मोठा सुतारपक्षी म्हणजे 'इम्पीरियल' सुतारपक्षी. लांबी जवळपास दोन फूट. मेक्सिकोतल्या सिएरा माद्रे डोंगररांगांत, उंचावरच्या जुन्या पाइन जंगलांत तो राहायचा. संग्रहालयांत त्याच्या पेंढा भरलेल्या कातड्या आहेत. पण जिवंत पक्षी कसा हलतो, कसा उडतो, हे दाखवणारं काही हाती नव्हतं.

मार्टियान लामरटिंक हे सुतारपक्ष्यांचे अभ्यासक. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या दफ्तरातली जुनी पत्रं चाळताना त्यांना एका पत्रात उल्लेख दिसला: पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम राइन नावाच्या दंतवैद्याने हा पक्षी पाहिला होता आणि त्याची फिल्मही घेतली होती. लामरटिंक त्यांना शोधत १९९७ मध्ये त्यांच्या घरी पोहोचले. राइन हौशी पक्षीनिरीक्षक. १९५६ मध्ये दुरांगो राज्यातल्या डोंगरांत, खेचराच्या पाठीवर बसल्या बसल्या त्यांनी हातातल्या कॅमेऱ्याने चित्रण केलं होतं. चित्र हलतंय, धूसर आहे, आणि याच कारणाने त्यांनी ते कधी प्रसिद्ध केलं नाही. त्यांना त्याची लाज वाटत होती!

फिल्म आहे ८५ सेकंदांची. एक मादी झाडाच्या खोडावर चढते, साल उचकटते, उडून जाते. एवढंच. पण या प्रजातीच्या जिवंत पक्ष्याचं उपलब्ध असलेलं चित्रण हेच. त्या ८५ सेकंदांवरून तिच्या पंखांची गती मोजता आली, चढण्याची पद्धत अभ्यासता आली. मागे दिसणाऱ्या झाडांवरून आणि डोंगरउतारावरून २०१० मध्ये अभ्यासक नेमक्या त्या जागी जाऊन पोहोचले. ते मोठं जुनं जंगल आता तिथे नव्हतं. पक्षी मिळाला नाही. गावातल्या वृद्धांनी आठवणी सांगितल्या. लोक तो पक्षी मारून खात असत. शिवाय पूर्वी एका वनअधिकाऱ्याने, हे पक्षी लाकूड नासवतात असं सांगून झाडांना विष लावायला सांगितलं होतं, असंही त्यांच्या बोलण्यात आलं.

इथे आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, फिल्म सापडली ती एका पत्रामुळे. कुणीतरी कुणाला तरी लिहिलं, ते पत्र कुणीतरी फायलीत जपून ठेवलं, आणि चाळीस वर्षांनी कुणीतरी ते मन लावून वाचलं. दुसरी गोष्ट, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. त्या आणखी दहा वर्षांनी मिळाल्या नसत्या. फिल्ममध्ये पक्षी दिसतो, पण तो का संपला हे फिल्ममध्ये नाही. ते माणसांच्या स्मरणात होतं.

तळघरातल्या हिमनद्या

चौथी गोष्ट जमिनीची, म्हणजे खरं तर बर्फाची. क्नुद रासमुसेन हे ग्रीनलंडमध्ये जन्मलेले, तिथली भाषा बोलणारे संशोधक. १९३२-३३ मध्ये त्यांनी आपली सातवी थूले मोहीम काढली. उद्देश ग्रीनलंडच्या आग्नेय किनाऱ्याचे नकाशे करण्याचा होता. पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानांतून किनाऱ्याचे तिरप्या कोनातले फोटो घेतले गेले. या मोहिमेतच रासमुसेन आजारी पडले आणि १९३३ च्या डिसेंबरात वारले. नकाशे झाले, फोटोंचं काम संपलं असं धरलं गेलं आणि ते डेन्मार्कच्या भूमापन खात्याच्या तळघरात जाऊन पडले.

सुमारे पाऊणशे वर्षांनी ते पुन्हा हाती आले. अँडर्स ब्यर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याचे हवाई फोटो, नंतरचे डॅनिश हवाई फोटो आणि उपग्रहाच्या प्रतिमा यांच्या रांगेत बसवलं. १३२ हिमनद्यांचं टोक कोणत्या साली कुठवर होतं हे मोजलं. २०१२ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये निष्कर्ष आले.

निष्कर्ष सरळसोट नव्हते, म्हणूनच ते महत्त्वाचे. १९३० च्या दशकातही तिथे तापमान वाढलं होतं आणि हिमनद्या वेगाने मागे हटल्या होत्या. जमिनीवर संपणाऱ्या अनेक हिमनद्या तर तेव्हा आतापेक्षाही वेगाने हटल्या. मग शतकाच्या मध्यावर गारवा आला, काही हिमनद्या थांबल्या, काही पुढेही सरकल्या. २००० नंतर पुन्हा पीछेहाट सुरू झाली आणि या वेळी समुद्रात जाऊन मिळणाऱ्या हिमनद्या १९३० च्या मानाने जास्त वेगाने हटल्या. उपग्रहांचा काळ सुरू होण्याआधीचं हे चित्र त्या तळघरातल्या गठ्ठ्याशिवाय मिळालंच नसतं.

नकाशासाठी फोटो काढणाऱ्या वैमानिकांच्या मनात हवामानबदल हा शब्दही नव्हता. तरी त्यांचे फोटो उपयोगी का पडले? कारण ते मोजणीसाठी काढले होते: क्रमाने, एकमेकांवर थोडे चढवून, कुठला फोटो कुठल्या फ्योर्डचा हे कळेल अशा रीतीने. शिस्तीने ठेवलेली नोंद पुढच्या पिढीच्या अशा प्रश्नांनाही उत्तर देते, जे नोंद करणाऱ्याला सुचलेही नव्हते. आणि हिमनदीचा एकटा फोटो काही सांगत नाही. त्याच जागेचा दुसरा फोटो शेजारी आला की तो बोलू लागतो.

पुन्हा घरच्या डब्याकडे

आता चारही उदाहरणं शेजारी ठेवू. आंद्रेच्या फोटोंना वहीची जोड मिळाली. कान यांच्या प्लेटांना तारीख आणि ठिकाण मिळालं, नाव राहून गेलं. सुतारपक्ष्याच्या फिल्मला एका पत्राने आणि गावकऱ्यांच्या आठवणींनी अर्थ दिला. ग्रीनलंडच्या फोटोंना नंतरच्या फोटोंनी. सुरुवातीच्या प्रश्नाचं आमचं उत्तर त्यामुळे असं: फोटो सापडणं ही इतिहासाची सुरुवात असू शकते, पण त्याला नोंद, तुलना आणि माणसाची आठवण यांची जोड लागते. ती नसेल तर उरतं फक्त कुतूहल.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं संग्रहालयांचं काम झालं, आम्ही काय करणार? तर मंडळी, ब्रून यांच्यासमोर जो प्रश्न होता तोच तुमच्या माळ्यावर आहे. मुंबईच्या गिरणीतल्या एखाद्या खात्याचा ग्रुप फोटो, कोकणातल्या पाडलेल्या घराची पडवी, बैलपोळ्याला सजवलेली जोडी, धरणाखाली गेलेल्या गावचं देऊळ. यांतलं काहीही उद्या कुणाला तरी पुरावा म्हणून लागेल. लागेल ते कशासाठी, हे आज आपल्याला सांगता येणार नाही. वैमानिकांना तरी कुठे माहीत होतं?

म्हणून काही साध्या गोष्टी सांगून थांबतो. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा; बॉलपेनने नको, शाई आणि दाब दोन्ही पुढच्या बाजूला उतरतात. लिहायचं काय? कोण, कुठे, केव्हा, आणि फोटो कोणी काढला. बायकांची नावं पूर्ण लिहा. 'मोठ्या काकू' म्हणून चालणार नाही, आणखी तीस वर्षांनी त्या कुणाच्या काकू हे कुणालाच कळणार नाही. घरात काम करणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या माणसांची नावं माहीत असतील तर तीही लिहा, कारण सगळ्यात आधी तीच पुसली जातात. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाका, पण अंदाज खात्रीसारखा लिहू नका. पावसाळ्यात डबा ओलीच्या भिंतीला लावून ठेवू नका. मोबाइलवर फोटोचा फोटो घेताना मागची बाजूही घ्या.

आणि यातलं घाईचं काम एकच आहे. कागद अजून काही वर्षं टिकेल, तो आंद्रेच्या फिल्मसारखा चिवट असतो. नावं सांगणारं माणूस तसं टिकत नाही. येत्या रविवारी तो डबा खाली काढा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि एकेक फोटो हातात देऊन विचारा, "ही कोण?"

पुढच्या वेळी आपण घरगुती पत्रव्यवहाराबद्दल बोलू. त्याआधी कुणाला फोटोच्या मागे एखादं नाव लिहिता आलं तर आजचं व्याख्यान कामी आलं असं आम्ही समजू.